फाइल सर्व्हर मंदावलाय? नवी डिस्क घेण्याआधी लिनक्स कर्नलची कॅश नीट लावा

सकाळचे साडेनऊ. ऑफिसात पंचवीस जण एकदमच कामाला बसतात, जो तो सर्व्हरवरचं आपापल्या प्रोजेक्टचं फोल्डर उघडतो आणि विंडोजच्या ॲड्रेस बारमधली हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागते. चाळीस सेकंद झाले तरी फाइलींची यादी पुरी दिसत नाही. अकराच्या सुमारास सगळं आपोआप सुरळीत होतं. तेच फोल्डर तेव्हा चुटकीसरशी उघडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी पुण्यातल्या एका नकाशे काढणाऱ्या ऑफिसचा सर्व्हर सांभाळतो. साधा लिनक्स, वर साम्बा (विंडोजच्या मशीनना लिनक्सवरच्या फाइली देणारा प्रोग्राम), ३२ जीबी रॅम, चार फिरत्या डिस्कची रेड (अनेक डिस्क जोडून केलेली एकच मोठी डिस्क). वर सांगितलेला प्रकार सुरू झाला तेव्हा दोन महिने मी नेटवर्कलाच दोष देत होतो. स्विच बदलला, केबल बदलल्या, मालकांकडे नव्या डिस्कचं कोटेशनही दिलं. खरं कारण रात्रीच्या बॅकअपमध्ये आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, तीन-चार सेटिंगमध्ये निघालं. ते सापडायला मला जेवढा वेळ लागला तेवढा तुम्हाला लागू नये म्हणून हे लिहितोय. ज्यांच्या गळ्यात असा सर्व्हर नुकताच पडलाय आणि ज्यांना टर्मिनलवर चार कमांड चालवता येतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

कमांड आणि सेटिंगची नावं इथं देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायची. सेटिंगच्या नावातल्या दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर येतो, आणि खालच्या बहुतेक सेटिंगच्या आधी 'व्हीएम' आणि एक टिंब लागतं. आकडेही अर्थात इंग्रजी अंकांत.

आधी हाताशी काय हवं

- सर्व्हरवर रूट किंवा सुडोचा अधिकार.
- काल रात्रीचा, उघडून तपासलेला बॅकअप. 'बॅकअप लागतो रोज' एवढ्यावर समाधान मानू नका, त्यातली एखादी फाइल उघडून बघा.
- फ्री, व्हीएमस्टॅट, स्लॅबटॉप आणि सिसकंट्रोल या कमांड. बहुतेक लिनक्समध्ये त्या आधीपासून असतात. सिसकंट्रोल टाइप करताना एस-वाय-एस-सी-टी-एल.
- आयओस्टॅट. हा 'सिसस्टॅट' नावाच्या पॅकेजमधून येतो, बहुधा वेगळा टाकावा लागतो.
- चालू स्थितीतला यूपीएस. बॅटरी किती जुनी आहे हे माहीत नसेल तर पाचवी पायरी वाचेपर्यंत एकाही सेटिंगला हात लावू नका.
- एक वही. कोणत्या तारखेला कोणता आकडा कशावरून कशावर नेला, ते लिहायला.

१. कर्नल नेमकं काय लक्षात ठेवतो, ते आधी समजून घ्या

'कॅश' म्हणजे पुन्हा डिस्ककडे जावं लागू नये म्हणून रॅममध्ये धरून ठेवलेला माल. हा शब्द आपण मोघम वापरतो, पण फाइल सर्व्हरच्या रॅममध्ये तीन वेगळ्या गोष्टी साठत असतात.

पहिली पेज कॅश. फाइलींच्या आतला मजकूर ४ केबीच्या तुकड्यांत इथं राहतो. एकाने उघडलेली ड्रॉइंग दुसऱ्याने उघडली की ती डिस्ककडे न जाता इथूनच मिळते.

दुसरी डेंट्री कॅश. अमुक फोल्डरात तमुक नावाची फाइल आहे, ही नोंद. एखाद्या नावाची फाइल *नाही* हेसुद्धा कर्नल लक्षात ठेवतो, म्हणजे तीच चौकशी पुन्हा आली तर डिस्क चाळावी लागत नाही.

तिसरी आयनोड कॅश. फाइल केवढी, कोणाची, शेवटची कधी बदलली, परवानग्या काय, हा तपशील. विंडोजमध्ये फोल्डर उघडल्यावर नावासमोर जी तारीख आणि साइज दिसते ती सर्व्हर इथून देतो.

पहिल्या प्रकारच्या कॅशमध्ये आणखी एक पोटभेद आहे, आणि तोच सगळ्यात नाजूक. युजरने सेव्ह केलेला पण अजून डिस्कवर न पोचलेला मजकूर. त्याला डर्टी पेज म्हणतात. वाचण्यासाठीची कॅश उडाली तर फक्त वेळ जातो. डर्टी पेज उडालं तर लोकांचं काम जातं. पुढचे सगळे आकडे बदलताना हा फरक डोळ्यांसमोर ठेवा.

२. 'रॅम भरली' म्हणून घाबरू नका

फ्री ही कमांड 'एच' पर्यायासह चालवा. 'फ्री'च्या खाली काहीशे एमबीच शिल्लक दिसतील आणि बफ-कॅशच्या खाली वीस-पंचवीस जीबी. नवीन माणसाच्या इथंच पोटात गोळा येतो. पण रिकामी रॅम म्हणजे पगारी माणूस बसवून ठेवणं. लिनक्स मोकळी रॅम कॅशसाठी वापरतो आणि एखाद्या प्रोग्रामने मागितली की लगेच सोडतो. बघायचा तो शेवटचा रकाना, 'अव्हेलेबल'. तो एकूण रॅमच्या दहा टक्क्यांखाली सतत राहत असेल तरच काळजीचं कारण.

या भीतीतून निघालेला सापळा मी तीन वेगवेगळ्या ऑफिसांत पाहिलाय. आधीच्या माणसाने क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दर तासाला 'ड्रॉप कॅशेस' लावून ठेवलेलं असतं. 'मेमरी साफ होते' या समजुतीने. प्रत्यक्षात ते दर तासाला सर्व्हरची सगळी आठवण पुसून टाकतं आणि पुढची पंधरा मिनिटं डिस्कचा जीव काढतं. सर्व्हर ताब्यात घेतलात की रूटचा क्रॉन उघडा, आणि ही ओळ असेल तर ती काढा. कित्येकदा एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटते.

३. काही बदलण्याआधी मोजा

थंड (रिकामी) कॅश आणि गरम (भरलेली) कॅश यांतला फरक एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हे काम ऑफिस सुटल्यावर करायचं.

आधी 'सिंक' चालवा, म्हणजे लिहायचं राहिलेलं सगळं डिस्कवर जाईल. मग ड्रॉप कॅशेसला ३ हा आकडा द्या. १ दिला तर पेज कॅश जाते, २ दिला तर डेंट्री आणि आयनोड, ३ दिला तर सगळंच. चाचणीसाठी एकदा वापरायला ही सोय उत्तम आहे. आता सगळ्यात मोठ्या फोल्डरवर 'टाइम' लावून एलएस चालवा, एल आणि मोठ्या आर पर्यायांसह, म्हणजे आतल्या प्रत्येक फाइलचा तपशील वाचला जाईल. लगेच तीच कमांड दुसऱ्यांदा चालवा.

आमच्याकडे १४ हजार फाइलींच्या एका फोल्डरला पहिल्या वेळी अर्धं मिनिट लागलं, दुसऱ्या वेळी सेकंदभरही नाही. डिस्क तीच, केबल तीच, स्विच तोच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की सकाळची रड थंड कॅशची आहे.

ही चाचणी चालू असताना दुसऱ्या खिडकीत आयओस्टॅट 'एक्स' पर्यायासह, दर सेकंदाला, लावून ठेवा. पहिल्या वेळी डिस्क शंभर टक्के गुंतलेली आणि तरी सेकंदाला जेमतेम दोन-चार एमबी वाचतेय असं दिसेल. ७२०० आरपीएमची डिस्क विखुरलेली वाचनं सेकंदाला शंभरेकच करू शकते. वाचनं छोटी, विखुरलेली आणि भरपूर असतील तर डिस्कचा सगळा वेळ सुई इकडून तिकडे नेण्यात जातो.

व्हीएमस्टॅट दर सेकंदाला चालवून 'एसआय' आणि 'एसओ' हे रकानेही बघा. तिथं सतत शून्याखेरीज आकडे येत असतील तर सर्व्हर स्वॅपमध्ये (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) अडकलाय. मग तुमचा प्रश्न रॅमचा आहे, कॅशच्या सेटिंगचा नव्हे.

आता स्लॅबटॉप. कर्नलने स्वतःच्या नोंदींसाठी किती मेमरी धरलीय ते ही कमांड दाखवते. त्यात 'डेंट्री' आणि फाइलसिस्टिमनुसार (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) 'ईएक्सटी४ आयनोड कॅश' किंवा 'एक्सएफएस आयनोड' या ओळी शोधा आणि त्यांनी किती मेमरी धरलीय ते वहीत लिहा. हीच नोंद संध्याकाळी सहाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला करा. माझ्या वहीत संध्याकाळचा आकडा सकाळी पार घसरलेला होता. रात्री बॅकअप तीन टीबी मजकूर त्याच ३२ जीबी रॅममधून वाचून काढत होता, आणि त्या लोंढ्याला जागा करून द्यायला कर्नल दिवसभर जमवलेली नावं आणि तपशील सोडून देत होता.

४. फोल्डर उशिरा उघडत असेल तर: व्हीएफएस कॅश प्रेशर

छोट्या फाइलींच्या सर्व्हरवर सगळ्यात मोठा फरक या एका आकड्याने पडतो. मूळ किंमत १००. मेमरीची ओढाताण झाली की कर्नलने डेंट्री आणि आयनोड किती जोराने सोडायचे, हे तो ठरवतो. आकडा कमी केला की कर्नल फाइलींचा मजकूर आधी सोडतो आणि नावं-तपशील जास्त वेळ धरून ठेवतो.

कमी करण्याआधी हिशोब करा. डीएफ ही कमांड 'आय' पर्यायासह चालवली की त्या डिस्कवर किती आयनोड वापरात आहेत, म्हणजे एकूण किती फाइली आणि फोल्डर आहेत, ते कळतं. ६४ बिट लिनक्सवर एक डेंट्री सुमारे १९२ बाइटची आणि ईएक्सटी४ किंवा एक्सएफएसचा मेमरीतला आयनोड साधारण १ केबीचा. म्हणजे फाइलमागे ढोबळमानाने सव्वा केबी. आमच्याकडे २० लाख फाइली, म्हणून सगळ्या लक्षात ठेवायला अडीच जीबी. ३२ जीबीच्या मशीनला हे अगदीच परवडण्यासारखं. तुमच्याकडे ८ जीबी रॅम आणि एक कोटी फाइली असतील तर मात्र हा आकडा बदलून काही साधणार नाही, रॅमच वाढवावी लागेल.

हिशोब बसत असेल तर १०० वरून ५० वर या आणि आठवडाभर बघा. स्लॅबटॉपमधला सकाळचा आकडा अजूनही पडत असेल तर २० पर्यंत जायला हरकत नाही.

शून्य कधीही ठेवू नका. शून्य म्हणजे कर्नल मेमरीच्या दबावाखालीसुद्धा डेंट्री आणि आयनोड सोडणारच नाही. ते साठत जातात, एक दिवस मेमरी संपते आणि कर्नल प्रोसेस मारायला सुरुवात करतो. कर्नलच्या दस्तऐवजातही हा इशारा स्पष्ट लिहिलेला आहे, तरी 'जास्तीत जास्त वेगासाठी शून्य करा' असे सल्ले सर्रास फिरतात.

एवढं करूनही बॅकअपनंतर सकाळ जड जात असेल तर कॅश आधीच तापवून ठेवा. मी सकाळी साडेआठला क्रॉनमधून चालू वर्षाच्या प्रोजेक्टवर 'फाइंड' फिरवतो. इथं एक बारकावा आहे. नुसतं फाइंड कित्येकदा फोल्डरमधल्या नावांवरच भागवतं, फाइलीचा आयनोड वाचतच नाही, आणि मग तापवूनही उपयोग होत नाही. त्याला 'साइज' किंवा 'एलएस' असा पर्याय द्या, की प्रत्येक फाइलचा तपशील त्याला वाचावाच लागतो. निकाल कुठे साठवायचा नाही, डेव्ह-नलकडे पाठवायचा. आमच्याकडे हे काम सहा मिनिटांत उरकतं आणि माणसं येईपर्यंत यादी रॅममध्ये तयार असते.

५. लिहिण्याची उधारी: डर्टी मर्यादा

इथं सावकाश वाचा.

युजरने फाइल सर्व्हरवर टाकली की ती आधी रॅममध्ये जाते आणि कर्नल सवडीने डिस्कवर लिहितो. ही उधारी किती साठू द्यायची याच्या दोन पायऱ्या आहेत. 'डर्टी बॅकग्राउंड रेशो', मूळ १० टक्के: एवढी उधारी झाली की कर्नल मागच्या मागे डिस्कवर लिहायला लागतो. 'डर्टी रेशो', मूळ २० टक्के: इथं पोचलं की लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवून आधी जुनं फेडायला लावतो. शिवाय वेळेचंही बंधन आहे. तीस सेकंदांपेक्षा जुनं डर्टी पेज लिहायला घेतलं जातं, आणि अशी पानं शोधायला कर्नलचा लेखनिक दर पाच सेकंदांनी उठतो.

हे टक्के एकूण रॅमचे धरले जात नाहीत, मोकळी रॅम आणि सोडता येण्याजोगी कॅश यांच्या बेरजेवर ते मोजतात. ३२ जीबीच्या मशीनवर ती बेरीज २८ जीबीच्या आसपास असली तर २० टक्के म्हणजे साडेपाच जीबींहून जास्त. आता कोणी गिगाबिट नेटवर्कवरून, सेकंदाला ११० एमबीच्या वेगाने, साइटचा मोठा व्हिडिओ टाकायला घेतला आणि तुमची रेड गर्दीच्या वेळी ५० एमबीच लिहू शकली, तर उधारी चढत जाते. मर्यादेला टेकली की इतरांच्या दोन-दोन एमबीच्या ड्रॉइंगचं सेव्हसुद्धा त्याच रांगेत मागे उभं राहतं. साडेपाच जीबी ५० एमबीच्या वेगाने फेडायला जवळजवळ दोन मिनिटं. तेवढा वेळ सगळ्यांच्या स्क्रीन गोठलेल्या. 'मधूनच सर्व्हर हँग होतो आणि आपोआप सुटतो' ही तक्रार ऐकलीत की आधी इथं बघा.

टक्क्यांचा हा हिशोब रॅम मेगाबाइटमध्ये मोजली जायची त्या काळातला आहे. मोठ्या रॅमच्या मशीनवर टक्के सोडून सरळ बाइटमध्ये मर्यादा घाला. त्यासाठी 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' आणि 'डर्टी बाइट्स' अशा जोडीच्या सेटिंग आहेत. बाइटची सेटिंग लावली की तिची टक्क्यांची जोडीदार आपोआप शून्य होते, त्यामुळे दोन्ही लावायच्या भानगडीत पडू नका. फिरत्या डिस्कच्या रेडसाठी मी २५६ एमबी आणि १ जीबी यांपासून सुरुवात करतो. तुमची रेड दोन-तीन सेकंदांत जेवढं लिहू शकते तेवढी पहिली मर्यादा, आणि तिच्या तिप्पट-चौपट दुसरी, असा अंदाज ठेवा.

बदल लावल्यावर 'प्रॉक' फोल्डरातल्या मेमइन्फो फाइलीमधल्या 'डर्टी' आणि 'राइटबॅक' या दोन ओळी 'वॉच' कमांडने दर सेकंदाला बघत कोणाला तरी मोठी फाइल टाकायला सांगा. आधी डर्टीचा आकडा डोंगरासारखा चढायचा आणि मग धाडकन कोसळायचा. आता तो बुटक्या टेकड्यांसारखा चढउतार करत राहील. कॉपीचा दिसणारा वेग थोडा कमी होतो, कारण आता तो डिस्कचा खरा वेग आहे. युजरला हे आधी सांगून ठेवा.

उलट्या दिशेला जाऊ नका. मी गेलो होतो. कुठंतरी वाचून डर्टी रेशो ८० केला, तीस सेकंदांची मुदत पाच मिनिटांवर नेली. कॉपी अशी सुसाट व्हायला लागली की सगळे खूश. जूनमधल्या एका संध्याकाळी वळवाच्या पावसात वीज गेली आणि यूपीएसच्या बॅटरीने अर्ध्या मिनिटात मान टाकली. सर्व्हर परत चालू झाला तेव्हा शेवटच्या काही मिनिटांतल्या फाइली नावापुरत्या होत्या, साइज शून्य. ईएक्सटी४ सारख्या फाइलसिस्टिम डिस्कवरची जागा शेवटच्या क्षणी वाटतात, त्यामुळे अशा वेळी नाव राहतं आणि मजकूर जातो. दुसऱ्या दिवशी महापालिकेत दाखल करायचे चार नकाशे त्यांत होते. ज्या मुलीने ते काढले होते ती रात्री दोनपर्यंत बसून पुन्हा काढत होती, आणि मी शेजारी बसून होतो. तिचं काम वाचवणं हेच माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं. त्या आठवड्यात आम्ही बॅटरी बदलली, यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडली आणि बॅटरी कमी होताच सर्व्हर आपणहून नीट बंद होईल अशी व्यवस्था लावली. 'नेटवर्क यूपीएस टूल्स' नावाचं मोफत पॅकेज हे काम करतं. तुम्ही ते आधी करा.

६. मोठ्या फाइलींसाठी: रीड-अहेड

कोणी फाइल सलग वाचतोय असं दिसलं की कर्नल पुढचा भाग आधीच आणून ठेवतो. किती, ते डिस्कच्या 'रीड अहेड केबी' या सेटिंगवर. मूळ बहुधा १२८ केबी. व्हिडिओ, मोठे स्कॅन, डिस्क इमेज असा माल असेल तर १०२४ ते ४०९६ पर्यंत नेऊन बघा. छोट्या फाइलींच्या सर्व्हरवर वाढवून काही मिळत नाही, नको असलेला मजकूर मात्र रॅम अडवतो.

दोन सापळे. 'ब्लॉकडेव्ह' कमांड हाच आकडा ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये दाखवते, त्यामुळे तिथलं २५६ म्हणजेच १२८ केबी. दोन्हींची गल्लत केली की नको तेवढं दुप्पट होतं. आणि फाइलसिस्टिम रेड किंवा एलव्हीएमवर (डिस्कची जागा वाटून देणारा लिनक्सचा मधला थर) असेल तर आकडा त्या वरच्या डिव्हाइसवर बदलायचा. आतल्या सुट्या डिस्कवर कितीही बदला, फरक पडत नाही. मी एक अख्खी दुपार अशी घालवली आहे.

७. स्वॅपिनेस

मूळ ६०. मेमरी कमी पडली की कर्नल प्रोग्रामची मेमरी स्वॅपमध्ये टाकतो की फाइलींची कॅश सोडतो, यातला कल हा आकडा ठरवतो. फाइल सर्व्हरवर १० ते ३० मधला कोणताही ठेवा. स्वॅप अजिबात बंद करू नका: साम्बा प्रत्येक जोडलेल्या मशीनसाठी वेगळी प्रोसेस चालवतो, आणि दिवसभर निवांत पडलेल्या प्रोसेस स्वॅपमध्ये गेल्या तर ती रॅम कॅशच्याच कामी येते.

८. वाचताना होणारं लिहिणं

फाइल शेवटची कधी वाचली याची नोंद ठेवणं म्हणजे प्रत्येक वाचनामागे एक लिहिणं. लिनक्स २.६.३० पासून, म्हणजे २००९ पासून, 'रिलएटाइम' हा सौम्य पर्याय आपोआप लागू असतो आणि तो ही नोंद साधारणपणे दिवसातून एकदाच करतो. तरीही सकाळची पहिली उघडझाप आणि रात्रीचा बॅकअप यांत लाखो आयनोड डर्टी होतात. ही तारीख कोणी वापरत नसेल तर एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ती यादी) त्या डिस्कसमोर 'नोएटाइम' लिहा.

९. साम्बा आणि एनएफएसच्या बाजूने

विंडोजला फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर सारखंच, लिनक्सला वेगळं. त्यामुळे मागितलेलं नाव जसंच्या तसं सापडलं नाही तर साम्बाला पूर्ण फोल्डर चाळून बघावं लागतं की दुसऱ्या कुठल्या रूपात ते आहे का. नवीन फाइल तयार करताना तर नाव नसतंच, म्हणजे दर वेळी चाळणी. पन्नास हजार फाइली एकाच फोल्डरात असतील तर कॅश कितीही गरम असली तरी हे जाणवतं. साम्बात 'केस सेन्सिटिव्ह' होय करून आणि सगळी नावं लहान अक्षरांत आणून यावर उपाय करता येतो, पण आधीच्या सगळ्या फाइलींची नावं बदलावी लागतात. माझा सल्ला, फोल्डर वर्षवार किंवा महिनावार फोडा. युजर चार दिवस कुरकुरतील, मग तेच म्हणतील की शोधायला सोपं झालं.

जुन्या साम्बा फाइलींत 'सॉकेट ऑप्शन्स' नावाची लांबलचक ओळ असते, बफरचे ८१९२ वगैरे आकडे दिलेली. ती काढून टाका. आजचा कर्नल बफर स्वतः जुळवून घेतो आणि ती ओळ त्याचे हात बांधते.

एनएफएस (लिनक्स मशीनना नेटवर्कवरून फाइली देण्याची पद्धत) वापरत असाल तर एक्सपोर्टमध्ये, म्हणजे वाटायच्या फोल्डरांच्या यादीत, 'एसिंक' लिहिण्याचा मोह होईल, कारण वेग खरंच वाढतो. त्याचा अर्थ असा की मजकूर डिस्कवर पोचण्याआधीच सर्व्हर समोरच्याला 'लिहिलं' म्हणून सांगतो. सर्व्हर मध्येच बंद पडला तर समोरच्या मशीनला आपला मजकूर गेल्याचं कळतही नाही. पुन्हा सहज तयार करता येईल अशा तात्पुरत्या मालासाठी ठीक, लोकांच्या कामासाठी नको.

१०. हे नियम जिथं लागत नाहीत

झेडएफएस ही फाइलसिस्टिम वापरत असाल तर तिची 'आर्क' नावाची स्वतःची कॅश असते. फ्रीमध्ये ती कॅशच्या रकान्यात न दिसता वापरलेल्या मेमरीत दिसते, आणि डर्टी मर्यादाही तिच्या वेगळ्या आहेत. सर्व्हर कंटेनरमध्ये (एकाच मशीनवर मर्यादा घालून वेगळा ठेवलेला कप्पा) असेल तर त्याच्या मेमरी मर्यादेत पेज कॅशही धरली जाते: ६४ जीबीच्या मशीनवर कंटेनरला २ जीबी दिले असतील तर कॅशही त्या दोनांतच.

११. बदल कायमचे करा

सिसकंट्रोलने 'डब्ल्यू' पर्याय वापरून केलेला बदल रीबूटपर्यंतच टिकतो. सुरुवातीला हे सोयीचंच आहे, काही बिघडलं तर रीबूट केलं की मूळपदावर. एका वेळी एकच आकडा बदला आणि निदान तीन-चार कामाचे दिवस जाऊ द्या. चार आकडे एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

पटलं की ईटीसीमधल्या 'सिसकंट्रोल टिंब डी' या फोल्डरात स्वतःची एक फाइल करा, नावाच्या सुरुवातीला ९० सारखा मोठा आकडा आणि शेवटी 'कॉन्फ'. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि शेवटचा आकडा टिकतो. माझ्या फाइलीत या चार ओळी आहेत:

व्हीएम.व्हीएफएस_कॅश_प्रेशर = ५०
व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = २६८४३५४५६
व्हीएम.डर्टी_बाइट्स = १०७३७४१८२४
व्हीएम.स्वॅपिनेस = १०

प्रत्येक ओळीच्या वर हॅश टाकून तारीख आणि कारण लिहिलंय. दोन वर्षांनी तुमच्या जागी येणाऱ्याला ते लागेल. मग सिसकंट्रोल 'सिस्टिम' पर्यायासह चालवा आणि एकदा खरोखर रीबूट करून आकडे तपासा. जुन्या सवयीने ईटीसीमधल्या एकुलत्या एक सिसकंट्रोल-कॉन्फ फाइलीत लिहू नका. डेबियन १३ मध्ये बूट होताना ती फाइल वाचली जात नाही. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर 'ट्यून्ड' नावाची सेवा यांतले काही आकडे आधीच बदलते, म्हणून सुरुवातीचे आकडे या लेखावरून न धरता तुमच्या मशीनवर वाचून वहीत उतरवा. रीड-अहेड या फाइलीत बसत नाही, त्यासाठी यूडेव्हचा (डिव्हाइस जोडलं की त्याला सेटिंग लावणारी सेवा) नियम लिहावा लागतो.

सगळं पूर्ववत करायची वेळ आली तर ती ९० ची फाइल तिथून हलवा आणि रीबूट करा. कर्नलचे मूळ आकडे: व्हीएफएस कॅश प्रेशर १००, डर्टी बॅकग्राउंड रेशो १०, डर्टी रेशो २०, डर्टी पानाची मुदत ३००० आणि लेखनिकाची फेरी ५०० (हे दोन्ही सेकंदाच्या शंभराव्या भागात), स्वॅपिनेस ६०. वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवा आणि वही सर्व्हरच्या शेजारी ठेवा, सर्व्हरच्या आत नको.